आधी अधिकारक्षेत्र, मग न्याय

१२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली आणि दिल्लीपासून मुंबईपर्यंत संताप उसळला. घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईंच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिली, असा त्यांच्यावर आरोप होता. अटकेच्या आणि झडतीच्या पद्धतीवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. पुढे न्यायालयात काय घडले याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही, आणि समजून घेण्यासारखी गोष्ट नेमकी तिथेच होती. ८ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांची संयुक्त राष्ट्रांतील भारतीय शिष्टमंडळावरची नेमणूक मान्य केली, आणि त्याबरोबर त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळाले. दुसऱ्याच दिवशी ग्रँड ज्युरीने त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले. १२ मार्चला न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ते रद्द केले. आरोपपत्र आले त्या दिवशी आरोपीला संरक्षण होते, तेव्हा हे प्रकरण चालवण्याचा अधिकारच आपल्याला नाही, असे त्यांनी ठरवले. आरोप खरे की खोटे, या प्रश्नात त्या शिरल्याच नाहीत. दोन दिवसांनी सरकारी वकिलांनी ग्रँड ज्युरीकडून नवे आरोपपत्र मिळवले, कारण तोवर खोब्रागडे मायदेशी परतल्या होत्या आणि ते संरक्षण मागे पडले होते. या सगळ्यात न्यायालयाने भारताची बाजू घेतली नाही आणि अमेरिकी सरकारचीही घेतली नाही. 'हे प्रकरण माझ्यासमोर येऊ शकते का' हा एकच प्रश्न त्याने सोडवला.

अमेरिकेतल्या एखाद्या न्यायाधीशाने राष्ट्राध्यक्षाचा हुकूम रोखला, अशा बातम्या अलीकडे वरचेवर येतात. त्या वाचून सर्वशक्तिमान न्यायालयाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते चित्र अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. अमेरिकेची फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालये चारही बाजूंनी कुंपण घातलेली आहेत. त्यांचा जवळपास प्रत्येक अधिकार मोजून दिलेला आहे, आणि त्यातला बराचसा काढूनही घेता येतो. त्यांचा दबदबा आहे, पण तो अधिकार अफाट आहेत म्हणून नाही. कुंपणाच्या आत राहून दिलेला निकाल पाळायचा, अशी सवय त्या देशाला लागली म्हणून तो आहे. या कुंपणाची सुरुवात घटनेतच होते. आपल्या घटनेने सर्वोच्च न्यायालयासाठी १२४ ते १४७ एवढी कलमे खर्ची घातली आहेत. अमेरिकेच्या घटनेचे तिसरे कलम तीन छोट्या परिच्छेदांत आटोपते. एक सर्वोच्च न्यायालय असेल, बाकीची न्यायालये काँग्रेस म्हणजे तिथली संसद हवी तशी स्थापन करील, न्यायाधीश सद्वर्तन असेतोवर पदावर राहतील, त्यांचा पगार कमी करता येणार नाही, आणि अमुक प्रकारचेच वाद या न्यायालयांपुढे येतील, मुख्यतः एवढेच त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, हेसुद्धा घटनेत लिहिलेले नाही.

बाकी सगळे काँग्रेसने उभारले. २४ सप्टेंबर १७८९ च्या कायद्याने सहा न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय, तेरा जिल्हे आणि तीन सर्किट निर्माण झाले. त्या काळी सर्किटसाठी वेगळे न्यायाधीश नव्हते. सर्वोच्च न्यायालयाचेच न्यायाधीश घोडागाडीतून खराब रस्त्यांनी गावोगाव फिरत आणि स्थानिक जिल्हा न्यायाधीशाबरोबर बसून खटले चालवत. या फिरतीबद्दल त्यांची इतकी कुरकुर चाले की काहींना पदच नकोसे झाले. १८९१ साली काँग्रेसने अपिलांसाठी स्वतंत्र सर्किट न्यायालये दिली, तेव्हा कुठे तो जाच संपत आला. आज देशात ९४ फेडरल जिल्हे आहेत. तिथे साक्षीपुरावा होतो आणि ज्युरी बसते. आपल्याकडे नानावटी खटल्यानंतर जी पद्धत लोकांच्या आठवणीपुरती उरली, ती तिथे दिवाणी दाव्यांतही घटनेने राखली आहे. जिल्ह्याच्या वर तेरा अपील न्यायालये आहेत. त्यांतली बारा प्रदेशवार आहेत, आणि तेरावे पेटंट, सीमाशुल्क अशा ठरावीक विषयांची अपिले देशभरातून घेते. अपील न्यायालयात सहसा तीन न्यायाधीश बसतात, नवा पुरावा घेतला जात नाही, फक्त कायदा तपासला जातो. सगळ्यांच्या वर नऊ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय आहे.

आपल्याला हा सांगाडा ओळखीचा वाटतो, आणि इथेच गैरसमज होतो. भारतात न्यायव्यवस्था एकसंध आहे. पुण्याच्या जिल्हा न्यायालयात केंद्राचा कायदाही चालतो आणि राज्याचाही, आणि तिथले प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकाच जिन्याने चढते. अमेरिकेत दोन जिने आहेत. पन्नास राज्यांची आपापली न्यायालये, आपापली सर्वोच्च न्यायालये आहेत, आणि देशातले बहुसंख्य खटले तिथेच चालतात. घटस्फोट, वारसा, भाडेकरू, वाहन अपघात, साधा खून हे सगळे राज्याचे विषय. फेडरल न्यायालयात जायचे तर वाद फेडरल कायद्याचा किंवा घटनेचा हवा, किंवा केंद्र सरकार स्वतः पक्षकार हवे, किंवा दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांतल्या आणि वादाची रक्कम ७५ हजार डॉलरहून अधिक हवी. अजूनही काही वाटा आहेत, पण मुख्य या. राज्याच्या स्वतःच्या कायद्याचा अर्थ काय, यावर शेवटचा शब्द त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. वॉशिंग्टनमधल्या नऊ जणांनाही तो बदलता येत नाही, हे १८७५ पासून ठरून गेले आहे. म्हणूनच एकाच कृत्यासाठी राज्य आणि केंद्र असे दोघेही वेगवेगळे खटले भरू शकतात. १९९२ मध्ये रॉडनी किंग यांना मारहाण करणाऱ्या लॉस एंजेलिसच्या पोलिसांना राज्याच्या ज्युरीने जवळजवळ पूर्ण सोडले आणि शहर पेटले. पुढच्या वर्षी फेडरल न्यायालयात नागरी हक्कांच्या कायद्याखाली त्यांतले दोघे दोषी ठरले. राष्ट्राध्यक्षाचा माफीचा अधिकारही या दुभागणीत अडकतो. फेडरल गुन्ह्याची शिक्षा तो माफ करू शकतो, राज्याच्या गुन्ह्याची नाही.

दुसरे कुंपण न्यायालयांनी स्वतःभोवती घातले, आणि मला ते पहिल्याहून महत्त्वाचे वाटते. १७९३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले होते. तटस्थ राहायचे तर करारांचा अर्थ कसा लावायचा, याबद्दल जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सरकारने परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्यामार्फत सर्वोच्च न्यायालयाला काही प्रश्न विचारले. देश नवा, राष्ट्राध्यक्ष साक्षात वॉशिंग्टन. न्यायाधीशांनी नम्रपणे नकार कळवला. आम्ही वाद निकाली काढतो, सल्ला देणे आमचे काम नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. तेव्हापासून फेडरल न्यायालये सल्ला देत नाहीत. आपल्याकडे १४३ व्या कलमाखाली राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवू शकतात. अर्थात उत्तर द्यायलाच हवे असे तिथेही नाही, आणि अयोध्येबद्दलचा असा एक प्रश्न न्यायालयाने १९९४ मध्ये उत्तर न देता परत केला. जनहित याचिकेच्या बाबतीत फरक आणखी ठळक आहे. आपल्याकडे एका पोस्टकार्डावरून उच्च न्यायालयाने याचिका दाखल करून घेतल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत तसे चालत नाही. दावा लावणाऱ्याला स्वतःचे प्रत्यक्ष नुकसान झालेले किंवा होऊ घातलेले हवे, ते प्रतिवादीमुळे व्हायला हवे, आणि न्यायालयाच्या हुकमाने त्याची भरपाई शक्य हवी. कायदा घटनाबाह्य आहे हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट असले, तरी योग्य वादी दारात येईपर्यंत न्यायाधीश तोंड उघडत नाही. स्वतःहून दखल घेऊन सरकारला नोटीस काढणे ही आपल्या न्यायालयांची चाल त्यांना बुचकळ्यात टाकील.

मग कायदे रद्द करण्याचा तो प्रसिद्ध अधिकार आला कुठून? घटनेत तो शब्दांत लिहिलेला नाही. १८०१ च्या मार्चमध्ये पायउतार होताना जॉन अॅडम्स यांनी घाईघाईने अनेक नेमणुका केल्या. विल्यम मार्बरी यांचे नेमणूकपत्र सही-शिक्क्यासह तयार झाले, पण पोचवायचे राहून गेले. नवे परराष्ट्रमंत्री मॅडिसन ते देईनात, म्हणून मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश होते जॉन मार्शल, आणि गंमत अशी की ते पत्र पोचवण्याची जबाबदारी आदल्या सरकारात परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांचीच होती. आजच्या मोजमापाने त्यांनी त्या खटल्यात बसायलाच नको होते. २४ फेब्रुवारी १८०३ च्या निकालात मार्शल म्हणाले की मार्बरींचा हक्क खरा आहे, पण असा दावा थेट आमच्याकडे आणण्याची मुभा देणारे १७८९ च्या कायद्यातले कलम घटनेशी विसंगत आहे, सबब ते रद्द, आणि आम्ही हुकूम देऊ शकत नाही. आता राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन यांच्या सरकारला धुडकावता येईल असा हुकूमच निघाला नाही. काँग्रेसने देऊ केलेला एक किरकोळ अधिकार नाकारताना न्यायालयाने काँग्रेसचा कायदा तपासण्याचा मोठा अधिकार पदरात पाडून घेतला. मार्शल यांचा कावा म्हणा किंवा दूरदृष्टी म्हणा, पाया मात्र अधिकारक्षेत्राचाच होता. तो अधिकार आज फक्त सर्वोच्च न्यायालयाकडे नाही. कोणताही फेडरल जिल्हा न्यायाधीश, इतकेच काय राज्याचा न्यायाधीशही, समोरच्या खटल्यापुरता कायदा घटनाबाह्य ठरवू शकतो.

काँग्रेसच्या हातात यावर उतारा कायम राहिला आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत लष्करी अंमल होता, तेव्हा मिसिसिपीतले वृत्तपत्र संपादक विल्यम मॅकार्डल यांना लष्कराने पकडले. १८६७ च्या एका कायद्याचा आधार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात पोचले. युक्तिवाद झाले, आणि निकाल लष्करी अंमलावरच उलटेल अशी धास्ती काँग्रेसला वाटली. तिने सरळ त्या कायद्यातली अपिलाची तरतूदच काढून टाकली. १८६९ मध्ये न्यायालयाने निमूटपणे सांगितले की आता आम्हाला अधिकार उरलेला नाही, आणि प्रकरण काढून टाकले. न्यायाधीशांच्या संख्येचेही तेच. १७८९ मध्ये सहा, १८०७ मध्ये सात, १८३७ मध्ये नऊ, १८६३ मध्ये दहा, १८६६ मध्ये सातपर्यंत घटवायचे ठरले आणि १८६९ मध्ये पुन्हा नऊ. यातला प्रत्येक बदल साध्या कायद्याने झाला. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ही संख्या पंधरापर्यंत नेण्याचा घाट घातला. त्यांच्या पक्षाला दोन्ही सभागृहांत प्रचंड बहुमत असूनही तो बेत पडला, आणि तो पाडण्यात त्यांचेच पक्षबंधू पुढे होते.

यावर आक्षेप येतो तो असा. न्यायालय इतके बांधलेले असेल, तर ते राष्ट्राध्यक्षांना नमवते कसे? एप्रिल १९५२ मध्ये कोरियाचे युद्ध चालू असताना आणि संप तोंडावर असताना हॅरी ट्रुमन यांनी देशातल्या पोलाद कारखान्यांचा ताबा घेतला. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो बेकायदा ठरवला आणि ट्रुमन यांनी कारखाने परत केले. २४ जुलै १९७४ रोजी वॉटरगेटच्या ध्वनिफिती देण्याचा हुकूम रिचर्ड निक्सन यांना झाला, आठ विरुद्ध शून्य मतांनी, आणि त्या आठांत तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते. पंधरवड्यात त्यांनी राजीनामा जाहीर केला. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती माझ्या म्हणण्याला छेद देत नाहीत. दोन्हीकडे वादी, प्रतिवादी आणि नेमका हुकूम होता. शिवाय हुकूम पाळून घेण्याचे साधन न्यायालयाकडे नाही. त्याचे हुकूम बजावणारे 'मार्शल' नावाचे अधिकारी न्याय खात्याचे नोकर, म्हणजे अखेर राष्ट्राध्यक्षाच्याच हाताखालचे. १८६१ मध्ये सरन्यायाधीश टेनी यांनी लष्कराने डांबलेल्या जॉन मेरिमनबद्दल आदेश दिला, तेव्हा लिंकन यांच्या सरकारने तो मनावर घेतला नाही आणि टेनी काही करू शकले नाहीत. उलट १९५७ मध्ये आर्कान्सासचे गव्हर्नर फॉबस यांनी लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना येऊ द्यायला नकार दिला, तेव्हा आयझेनहॉवर यांनी १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली. वर्णभेदी शाळांविरुद्धचा १९५४ चा निकाल आयझेनहॉवर यांना फार प्रिय होता असे नाही. तरीही त्यांनी सैन्य पाठवले. न्यायालयाची खरी शक्ती पाहायची तर त्या नावडीत आणि त्या सैन्यात पाहावी.

भारतीयांशी थेट जोडलेले एक जुने प्रकरण या शक्तीचे स्वरूप अधिक स्पष्ट करते. त्या काळी अमेरिकेचा कायदा 'श्वेतवर्णीय' आणि आफ्रिकी वंशाच्या परदेशीयांनाच नागरिकत्व देत असे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड यांना ओरेगॉनच्या जिल्हा न्यायाधीशाने नागरिकत्व दिले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की सामान्य माणसाच्या समजुतीत भारतीय श्वेतवर्णीय ठरत नाही. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयातून नागरिक झाले होते. थिंड निकालानंतर सरकारने पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांवर ते काढून घेण्यासाठी दावे लावले, त्यांत पंडितही आले. कायदा त्यांच्या विरुद्ध होता, सर्वोच्च न्यायालयाचा ताजा निकाल विरुद्ध होता, लोकमत तर होतेच. तरीही जिल्हा न्यायालयात आणि मग १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात ते जिंकले. कारण साधे होते. पंडित पात्र आहेत का, हा प्रश्न १९१४ मध्ये सक्षम न्यायालयाने निकालात काढला होता. तो निकाल चुकीचा असला तरी अंतिम होता, आणि सरकारलाही तो पुन्हा उकरता येत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये यात हात घालायचे नाकारले आणि सरकारने उरलेल्या भारतीयांविरुद्धचे असे दावे सोडून दिले. नैतिक न्यायाची भाषा करणाऱ्या न्यायालयाने थिंड यांना वाचवले असते, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्या वर्षांत भारतीयांना जो काही आसरा मिळाला, तो अंतिमतेच्या कोरड्या नियमातून मिळाला. आणि थिंड निकालाची चूक दुरुस्त झाली ती न्यायालयात नव्हे. तो निकाल घटनेवर नव्हता, कायद्यातल्या शब्दांच्या अर्थावर होता, म्हणून १९४६ मध्ये काँग्रेसने कायदा बदलून भारतीयांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. थिंड यांना त्याआधीच, १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याने नागरिकत्व मिळाले होते.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. सिअॅटलमधला एक जिल्हा न्यायाधीश साऱ्या देशासाठी राष्ट्राध्यक्षाचा हुकूम कसा थांबवू शकतो? हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर हुकूम काढला. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिक मानायचे नाही, असा त्याचा मथितार्थ. एच-१बीवर गेलेल्या कितीतरी मराठी घरांना त्याची झळ थेट पोचणार होती. अनेक जिल्हा न्यायाधीशांनी तो देशभरासाठी रोखला. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, खटल्यात नसलेल्यांनाही सरसकट लागू होणारे असे मनाई हुकूम बहुधा १७८९ च्या कायद्याने न्यायालयांना दिलेल्या अधिकारात बसत नाहीत. हुकूम घटनेला धरून आहे का, हे त्या दिवशी ठरले नाही. ज्याने दाद मागितली त्याला पूर्ण दाद द्या, बाकीच्यांचे काय ते त्यांनी स्वतः येऊन मागावे, असा तो दंडक. दोन आठवड्यांच्या आत न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशाने बाधित होणाऱ्या मुलांचा एक गट मानून सामूहिक दाव्यात हुकूम पुन्हा रोखला. हे फक्त नाव बदलून तेच करणे आहे, असे टीकाकार म्हणतात. पण सामूहिक दाव्याला स्वतःच्या अटी आहेत, गटातल्या सगळ्यांच्या तक्रारी सारख्या आहेत हे दाखवावे लागते, आणि हरल्यास तो निकाल साऱ्या गटाला बांधतो. जिंकलो तर सगळ्यांना फायदा, हरलो तर फक्त मी, ही जुन्या मनाई हुकमांतली सोय त्यात नाही. हा फरक खरा आहे. त्याची किंमत मात्र वकील परवडत नाही अशांना मोजावी लागेल, हेही तितकेच खरे.

तिसऱ्या आक्षेपापुढे माझे म्हणणे थोडे लंगडे पडते, हे मान्य करतो. कायद्याच्या अर्थाची चूक काँग्रेस सुधारू शकते, पण घटनेच्या अर्थाची? तिथे नऊ अनिर्वाचित माणसांचा शब्द प्रत्यक्षात शेवटचा ठरतो. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीय हे नागरिक होऊच शकत नाहीत असे सांगितले, आणि तो पुसायला यादवी युद्ध आणि चौदावी दुरुस्ती लागली. प्राप्तिकराबद्दलचा १८९५ चा निकाल ओलांडायला १९१३ ची सोळावी दुरुस्ती लागली. घटना आजवर फक्त सत्तावीस वेळा बदलली आहे. म्हणजे हा उपाय कागदावर आहे आणि व्यवहारात दुर्मीळ. दुसरी वाट नेमणुकांची. गर्भपाताचा हक्क १९७३ मध्ये न्यायालयाने मान्य केला आणि २०२२ मध्ये काढून घेतला. मधल्या काळात घटनेचा मजकूर बदलला नव्हता, न्यायाधीश बदलले होते. म्हणून तिथे एकेका जागेसाठी रण माजते. २०१६ मध्ये सेनेटने ओबामांच्या उमेदवाराची सुनावणीही घेतली नाही, आणि २०२० मध्ये निवडणुकीच्या आठवडाभर आधी ट्रम्प यांच्या उमेदवाराला मंजुरी दिली. माझ्या मते दोष अधिकारक्षेत्राच्या नियमांत नाही, तहहयात नेमणुकीत आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेतल्या राज्यांकडे पाहिले, तर स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना मुदत किंवा वयाची कोणतीही मर्यादा न घालणारे एकटे ऱ्होड आयलंड आहे. तिथल्याच पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्यांना जे शहाणपण सुचले, ते केंद्राने घ्यायला हरकत नसावी. महाभियोगाचा उपाय आहे, पण तो गंभीर गैरवर्तनासाठी, मतभेदासाठी नाही. १८०५ मध्ये न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांना सेनेटने निर्दोष सोडले, तेव्हापासून सर्वोच्च न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशावर महाभियोग चाललेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाबद्दल एवढे लिहिले जाते, पण बहुतेक पक्षकारांचा प्रवास तिथवर होतच नाही. १९२५ च्या कायद्याने कोणते प्रकरण घ्यायचे हे ठरवण्याची मोकळीक त्याला मिळाली. नऊपैकी चौघांना वाटले तरच सुनावणी होते. दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि साठ-सत्तरच्या आसपास ऐकले जातात. अर्ज नाकारला म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरला, असा अर्थ होत नाही. राज्याराज्यांतले वाद तेवढे थेट तिथेच जातात. एलिस बेटाचा बहुतेक भाग न्यूयॉर्कचा की न्यू जर्सीचा, हे १९९८ मध्ये असेच ठरले आणि न्यूयॉर्कने निकाल मानला. बेळगावच्या सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा २००४ चा दावाही आपल्या घटनेतल्या अशाच तरतुदीखाली सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथला निकाल काय लागेल ते लागो, तो मानला जाईल का हा प्रश्न आपल्याला आधी पडतो. बाकीच्यांसाठी अमेरिकेत सर्किटचे तीन न्यायाधीश हेच शेवटचे दार असते.

अमेरिकेत आप्त असलेल्या वाचकांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हद्दपारीच्या नोटिशीवर 'इमिग्रेशन कोर्ट' असे लिहिलेले असते, पण ते या न्यायव्यवस्थेचा भाग नाही. तिथले न्यायाधीश न्याय खात्याचे कर्मचारी असतात, त्यांना तहहयात नेमणूक नाही, त्यांचे वरिष्ठ अखेर अॅटर्नी जनरल, आणि त्यांच्या निर्णयावरचे पहिले अपीलही त्याच खात्यातल्या मंडळाकडे जाते. खऱ्या फेडरल न्यायालयाचा उंबरठा त्यानंतर येतो. अंतिम हद्दपारीच्या आदेशापासून तीस दिवसांच्या आत सर्किट न्यायालयात अर्ज गेला पाहिजे. ही मुदत काँग्रेसने घातलेली आहे आणि ती चुकली तर बाजू कितीही खरी असो, सहसा कोणी ऐकून घेत नाही. तेव्हा नोटीस हाती आल्याबरोबर तारीख पाहावी आणि वकील गाठावा.